आभाळातल्या घराची बेगमी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मुळशी खोऱ्यातली, धरणाच्या पाण्यापलीकडची आणि ताम्हिणीच्या अंगाची गावे डोळ्यांपुढे आणा. आता रस्ते झाले, गाड्या आल्या. तरीही मे महिना सरत आला की तिथल्या जुन्या माणसांच्या तोंडी ‘बेगमी’ हा शब्द येतोच. तांदूळ, मीठ, मिरची, कडधान्ये, सुकट, सरपण, गोवऱ्या असे चार महिन्यांचे सगळे सामान पाऊस लागण्याआधी घरात येऊन पडायला हवे. एकदा ओढे दुथडी भरून वाहू लागले, की मीठ संपले म्हणून पौडचा बाजार गाठता येत नसे. घरात माणसे किती, पाहुणा आला तर काय, दिवाळीपर्यंत कणगीत किती भात उरायला हवा, हा सगळा हिशेब घरची कर्ती बाई तोंडपाठ करीत असे.

आज ज्या घराविषयी बोलायचे आहे, तिथे हा पावसाळा कधीच संपत नाही. ते घर म्हणजे आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक. जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर ते पृथ्वीभोवती फिरते आहे. नोव्हेंबर २००० पासून तिथे माणसांची वस्ती आहे आणि त्या दिवसापासून ते घर एकदाही रिकामे राहिलेले नाही. एरवी सात माणसे तिथे राहतात. पण तिथे शेत नाही, विहीर नाही, कोपऱ्यावरचे वाण्याचे दुकान नाही. खाण्याचा घास, पिण्याचा घोट, श्वासासाठी लागणारा प्राणवायू, अंगावरचे कपडे, यंत्राचा बारीकसा स्क्रू, सगळे खालूनच पाठवावे लागते. ते नेण्याचे मुख्य काम करतात मालवाहू अवकाशयाने. या यानांत माणूस नसतो, चालकही नसतो. माणसांची याने उडाली की वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर फोटो येतात. मालवाहू यानाच्या वाट्याला आतल्या पानावरच्या दोन ओळीसुद्धा क्वचित येतात. पण अवकाशातले घर चालते ते या यानांच्या जिवावर.

हे स्थानक आपल्याला नुसत्या डोळ्यांनी दिसते. पुण्याच्या दिव्यांपासून दूर, मुळशीच्या बाजूला आभाळ काळोखे असते. तिथे आकाश निरभ्र असताना, संध्याकाळी दिवस मावळल्यावर तासा-दीड तासात किंवा पहाटे, एक तेजस्वी ठिपका न लुकलुकता, संथपणे आभाळ ओलांडून जाताना दिसतो. पाच-सहा मिनिटांत तो दिसेनासा होतो. आपल्याकडे अंधार झालेला असला, तरी एवढ्या उंचीवर ऊन पोहोचलेले असते. त्या उन्हात स्थानक चमकते. एखादे यान त्याच्याकडे निघालेले असेल आणि नेमका योग जुळला, तर त्याच वाटेवर पुढे किंवा मागे एक मंद ठिपकाही दिसतो. तीच ती मालगाडी.

आता हिशेबाकडे वळू. समजा, स्थानकात सात माणसे आहेत आणि प्रत्येकाला पिण्यासाठी व जेवण तयार करण्यासाठी दिवसाला तीन लिटर पाणी लागते. सात गुणिले तीन म्हणजे रोजचे एकवीस लिटर. सहा महिन्यांचे होतात जवळजवळ ३,८०० लिटर, म्हणजे पावणेचार टनांहून अधिक. रशियाचे ‘प्रोग्रेस’ नावाचे मालवाहू यान एका खेपेला सुमारे अडीच टन माल नेते. म्हणजे नुसते पाणीच दीड खेप खाऊन टाकील! म्हणून स्थानकात पाणी टाकून देत नाहीत. घाम, श्वासातली वाफ आणि लघवीसुद्धा गोळा करून, शुद्ध करून पुन्हा प्यायला घेतात. ऐकायला किळसवाणे वाटेल. पण ते पाणी अतिशय शुद्ध असते. २०२३ मध्ये अशा तऱ्हेने ९८ टक्के पाणी परत मिळवण्यापर्यंत मजल गेल्याचे नासाने जाहीर केले. आपल्या हिशेबातल्या ३,८०० लिटरपैकी मग नवे न्यावे लागेल ते फक्त ७६ लिटर. परंतु ही किमया करणारी यंत्रे, त्यांचे पंप आणि गाळण्या झिजतात, बिघडतात. त्यांचे सुटे भाग पुन्हा खालूनच न्यावे लागतात. बेगमीचे ओझे कमी होते, बेगमी सुटत नाही.

अवकाशात माणूस महिनोन्‌महिने राहू शकेल का, हा प्रश्न १९७०च्या दशकात विचारला जात होता, तेव्हा खरी अडचण शरीराइतकीच कोठाराचीही होती. सोव्हिएत संघाच्या पहिल्या ‘सल्यूत’ स्थानकांना एकच दार होते. त्या दाराला माणसांचे यान लागले, की दुसऱ्या यानाला जागाच उरत नसे. स्थानक उडताना जे सामान भरून दिले असेल, त्यावर आणि माणसांनी येताना आणलेल्या किरकोळ सामानावर भागवायचे. सामान संपले की स्थानकाचे काम संपले. अमेरिकेचे ‘स्कायलॅब’ १९७३ मध्ये उडाले, तेही जवळजवळ सगळी शिधासामग्री पोटात घेऊनच. त्यातल्या शेवटच्या तुकडीने ८४ दिवस मुक्काम केला आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये ती परतली. पुढे स्कायलॅब रिकामेच फिरत राहिले.

या स्कायलॅबची आठवण आपल्याकडच्या साठी ओलांडलेल्या श्रोत्यांना नक्की असेल. १९७९च्या जुलै महिन्यात ‘स्कायलॅब डोक्यावर पडणार’ या धास्तीने गावोगाव लोकांची झोप उडाली होती. ११ जुलैला ते कोसळले; त्याचे तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. पण ते पडले का, हे आपल्यापैकी फार थोड्यांनी विचारले असेल. चारशे किलोमीटरवरही हवेचा अगदी विरळ अंश असतो. त्याला घासत घासत स्थानकाचा वेग किंचित कमी होतो आणि ते हळूहळू खाली येते. सूर्यावरची खळबळ वाढली की वातावरण वरच्या बाजूला फुगते आणि हे घर्षण वाढते. त्या वर्षांत तसेच झाले. स्कायलॅबला वर ढकलण्याची योजना होती, पण ते काम ज्या स्पेस शटलने करायचे, ते पहिल्यांदा उडाले एप्रिल १९८१ मध्ये. वर ढकलणारे कोणी वेळेवर आले नाही, म्हणून स्कायलॅब पडले.

आपल्या मुळशीच्या तलावावरून ही गोष्ट चटकन समजेल. मुळशीचे पाणी बोगद्यातून आणि नळांतून सह्याद्रीखाली रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याला उतरते आणि तिथे वीज तयार होते. उतरण्याचे काम पाणी आपणहून करते. पण भिऱ्याला पाणी परत वर मुळशीच्या तलावात चढवणारा संचही आहे; तो चालवायचा तर वीज खर्च करावी लागते. उंची फुकट मिळत नाही. अवकाश स्थानकही असेच सतत उंची गमावत असते, महिन्याला साधारण दोन किलोमीटर. कधी कमी, कधी जास्त. ती भरून काढायला इंधन लागते. स्थानकाला चिकटलेले मालवाहू यान अधूनमधून आपले इंजिन काही मिनिटे पेटवते आणि चारशेहून अधिक टनांच्या त्या सगळ्या डोलाऱ्याला वर ढकलते. म्हणजे आपण ज्याला मालगाडी म्हटले, ती गाडी घरी सामान पोहोचवून वर घराला धक्काही देते. इथे ही उपमा थोडी अपुरी पडते. पण अवकाशातल्या मालगाडीचे वेगळेपण तेच आहे.

ही युक्ती पहिल्यांदा जमली ‘सल्यूत-६’ या स्थानकावर. सप्टेंबर १९७७ मध्ये उडालेल्या या स्थानकाला दोन दारे होती, एक पुढे आणि एक मागे. २० जानेवारी १९७८ रोजी ‘प्रोग्रेस-१’ हे मानवविरहित मालवाहू यान निघाले आणि दोन दिवसांनी आपणहून मागच्या दाराला जाऊन लागले. आत युरी रोमानेन्को आणि गिओर्गी ग्रेच्को हे दोन अंतराळवीर होते. त्यांचा मुक्काम ९६ दिवस चालला आणि स्कायलॅबचा विक्रम मोडला. पुढे १९८० मध्ये याच स्थानकावर १८५ दिवसांचा मुक्काम झाला. स्थानकाचे आयुष्य आता कोठारावर अवलंबून राहिले नाही. ते पुरवठ्यावर अवलंबून राहिले.

प्रोग्रेस यानाची रचना साधी पण विचारपूर्वक केलेली आहे. त्याचे तीन भाग असतात. पुढच्या भागात हवा असते. त्यात अन्नाचे डबे, कपडे, उपकरणे असा कोरडा माल. दार उघडून अंतराळवीर थेट या भागात शिरतात आणि सामान काढून घेतात. मधल्या भागात इंधनाच्या टाक्या. मागच्या भागात यानाची स्वतःची इंजिने आणि यंत्रणा. मधल्या भागात माणसाला शिरता येत नाही, आणि ते मुद्दामच. हे इंधन अतिशय विषारी असते. टाकी गळलीच, तर गळती बाहेरच्या पोकळीत जावी, माणसांच्या खोलीत शिरू नये, यासाठी टाक्या आणि नळ्या राहत्या भागाबाहेर ठेवलेल्या असतात. दाराच्या कड्यावरच नळ्यांची तोंडे एकमेकांत बसतात आणि इंधन स्थानकाच्या टाक्यांत जाते. आता प्रश्न असा, की वजनच जाणवत नाही तिथे इंधन ओतायचे कसे? टाकीच्या तळाशी द्रव राहतच नाही, ते गोळ्यांच्या रूपात कुठेही तरंगते. म्हणून टाकीत एक लवचीक पडदा असतो. त्याच्या एका बाजूला इंधन, दुसऱ्या बाजूला वायू. वायूचा दाब वाढवला की पडदा इंधनाला पुढे ढकलतो. टूथपेस्टची नळी दाबावी, तसाच प्रकार.

या मालगाडीच्या वेळापत्रकाशी एका भारतीयाचाही संबंध आला होता. पुण्याजवळ खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत शिकलेले राकेश शर्मा ३ एप्रिल १९८४ रोजी ‘सोयूझ टी-११’मधून निघाले आणि दुसऱ्या दिवशी ‘सल्यूत-७’ स्थानकावर पोहोचले. तिथे आधीपासून तीन अंतराळवीर राहत होते आणि त्यांचे यान पुढच्या दाराला लागलेले होते. मागचे दार मोकळे होते, कारण ‘प्रोग्रेस-१९’ हे मालवाहू यान ३१ मार्चला तिथून सुटले होते. पाहुणे येण्यापूर्वी दारातली बैलगाडी हलवावी, तसे. राकेश शर्मा आणि त्यांचे दोन सहकारी ११ एप्रिलला परतले, ते जुन्या तुकडीच्या यानातून. त्यांनी आणलेले नवे यान तिथेच राहिले. लगेच दोन दिवसांनी ते मागच्या दारावरून काढून पुढच्या दाराला लावण्यात आले. कशासाठी? तर १५ एप्रिलला ‘प्रोग्रेस-२०’ निघणार होते आणि इंधन भरण्याच्या नळ्या मागच्या दारालाच होत्या. ‘सारे जहाँ से अच्छा’ हे उद्गार आपण सर्वांनी ऐकले. त्यांच्या मागेपुढे या दोन मालगाड्यांची येजा चालू होती, हे मात्र फारसे कुणाच्या कानावर आले नाही.

श्रोतेहो, माल भरला, यान उडाले, पण चारशे किलोमीटरवर ताशी सुमारे २८ हजार किलोमीटर वेगाने धावणाऱ्या स्थानकाला ते गाठते कसे? रस्त्यावर पुढची गाडी गाठायची तर आपण वेग वाढवतो. अवकाशात तसे केले, तर यान वरच्या कक्षेत जाते आणि मागे पडते! हे उलटे गणित समजायला देवळातली प्रदक्षिणा आठवा. गाभाऱ्याला लागून फिरणाऱ्याची फेरी लवकर पुरी होते. बाहेरच्या प्राकाराच्या भिंतीकडून फिरणाऱ्याला वेळ लागतो. पृथ्वीभोवतीही तसेच. शिवाय पृथ्वीच्या जवळ ओढ जास्त असल्याने खालच्या कक्षेतले यान प्रत्यक्षातही अधिक वेगाने धावते. म्हणून मालवाहू यान आधी खालच्या कक्षेत सोडतात. तिथे ते स्थानकाचे मागचे अंतर कापत जाते आणि योग्य क्षणी इंजिन पेटवून पायरीपायरीने वर चढते.

उड्डाणाची वेळही मनाला येईल ती धरून चालत नाही. पृथ्वी फिरत असते. तिच्यावरचा उड्डाणतळ स्थानकाच्या कक्षेच्या नेमका खाली येतो, तो क्षण साधावा लागतो. पूर्वी या पाठलागाला दोन दिवस लागत. २०१२ मध्ये एका प्रोग्रेस यानाने सहा तासांत स्थानक गाठले आणि जुलै २०१८ मध्ये तर दुसऱ्या एकाने तीन तास चाळीस मिनिटांत. पुण्याहून ताम्हिणी घाटाने निघून श्रीवर्धनला पोहोचायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो.

शेवटचे शंभर मीटर मात्र सर्वांत कठीण. दोघांचाही वेग गोळीपेक्षा कितीतरी जास्त. पण एकमेकांच्या तुलनेत त्यांनी गोगलगाईसारखे जवळ यायचे. यान ठरलेल्या अंतरांवर थांबते, अंतर, वेग आणि दिशा तपासते. काही चुकले असेल, तर मागे सरते. रशियन आणि युरोपीय याने स्वतःच दाराला जाऊन लागत. जपानचे यान आणि अमेरिकेचे ‘सिग्नस’ यांची रीत वेगळी. ती स्थानकापासून दहा मीटरच्या आसपास येऊन स्थिर उभी राहतात. मग आतला अंतराळवीर यांत्रिक हाताने यान धरतो आणि ते दाराला लावले जाते.

ही काळजी किती गरजेची आहे, हे २५ जून १९९७ रोजी दिसले. रशियाच्या ‘मीर’ स्थानकावर वासिली त्सिब्लियेव्ह, अलेक्झांडर लाझुत्किन आणि अमेरिकेचे मायकेल फोल असे तिघे होते. ‘प्रोग्रेस एम-३४’ हे यान स्वयंचलित यंत्रणेऐवजी आतूनच हाताने चालवून जोडता येते का, याची चाचणी चालू होती. त्सिब्लियेव्ह पडद्यावरच्या चित्राकडे पाहून यान चालवीत होते. मागे पृथ्वीवरचे ढग. त्यांच्यावर यानाचे अंतर आणि वेग नीट उमजेना. सुमारे सात टनांचे यान ‘स्पेक्टर’ या दालनावर आदळले. दालनाला भोक पडले आणि स्थानकातली हवा बाहेर जाऊ लागली. कानांत दडे बसू लागले. स्पेक्टरच्या दारातून केबलींचे जाळे गेलेले असल्याने दार लावता येत नव्हते. त्या केबली तोडून, काही काढून टाकून त्यांनी दार बंद केले, तेव्हा तिघांचे प्राण वाचले. अन्नपाणी घेऊन येणाऱ्या यानानेच त्या दिवशी घर जवळजवळ बुडवले होते.

पण सर्वांत मोठी परीक्षा धडकेची नसते, न पोहोचण्याची असते. २८ ऑक्टोबर २०१४ रोजी अमेरिकेच्या किनाऱ्यावरून निघालेले सिग्नस यान उडाल्यावर काही सेकंदांतच अग्निबाणासह भस्मसात झाले. २८ एप्रिल २०१५ रोजी रशियाचे एक प्रोग्रेस कक्षेत पोहोचताच गरगरा फिरू लागले. ते स्थानकापर्यंत गेलेच नाही आणि मे महिन्यात जळून गेले. २८ जून २०१५ रोजी अमेरिकेचे ‘ड्रॅगन’ यान घेऊन निघालेला अग्निबाण अडीच मिनिटांच्या आतच फुटला. आठ महिन्यांत तीन वेगवेगळ्या बनावटीची तीन याने गेली. तरीही वरच्या माणसांना उपाशी राहावे लागले नाही. कारण स्थानकावर काही महिन्यांचा साठा कायम हाताशी ठेवलेला असतो. जुलै २०१५ मध्ये नवे प्रोग्रेस सुखरूप पोहोचले, ऑगस्टमध्ये जपानचे यान गेले आणि ताण सैलावला. घरातला शेवटचा पायलीभर तांदूळ शिजवायचा नाही, तो राखून ठेवायचा, हा आपल्या आजीचा नियम तिथेही पाळला जातो. दुसरा धडा असा, की पुरवठ्याची वाट एकच असू नये. एका देशाचा अग्निबाण बंद पडला, तर दुसऱ्याचा हवा.

माल फक्त आकाशातच दगावतो असे नाही. २०२५च्या सुरुवातीला एका सिग्नस यानाचे उड्डाण व्हायचे होते. पण ते ज्या पेटीतून आणले जात होते, तिला वाहतुकीत इजा झाली. तपासणीत यानही दुखावल्याचे आढळले आणि ती खेप रद्द करावी लागली. मग नासाने एप्रिलमधल्या ड्रॅगन यानातले काही सामान बाजूला ठेवून त्यात अन्न आणि रोजच्या वापराच्या वस्तू वाढवल्या.

हे बाजूला ठेवणे आणि वाढवणे किती अटीतटीचे असते, ते सुनीता विल्यम्स यांच्या गोष्टीवरून कळेल. ५ जून २०२४ रोजी त्या आणि बुच विल्मोर साधारण आठ दिवसांच्या मुक्कामासाठी निघाले. त्याच सुमारास स्थानकावरच्या, लघवीपासून पाणी मिळवणाऱ्या यंत्रणेचा एक पंप बिघडला होता. नवा पंप वर न्यायचा तर यानात जागा आणि वजन हवे. म्हणून त्या दोघांच्या कपड्यांच्या बॅगा काढून ठेवल्या आणि पंप ठेवला. तिथे कपडे धुण्याची सोय नाही. कपडे वापरायचे आणि मग कचऱ्यात टाकायचे. आठवड्यापुरता प्रश्न होता, स्थानकावरच्या राखीव कपड्यांत भागले असते. पण त्यांच्या यानात दोष निघाले आणि मुक्काम लांबला तो २८६ दिवसांपर्यंत. त्यांचे कपडे पोहोचले ऑगस्टमध्ये, एका सिग्नस मालवाहू यानातून. दोन माणसांच्या कपड्यांपेक्षा सात-आठ जणांचे पाणी महत्त्वाचे, असा तो निवाडा होता आणि तो योग्यच होता.

आता परतीची वाट. माल उतरवल्यावर रिकाम्या यानाचे काय करायचे? त्यात कचरा भरतात. वापरलेले कपडे, अन्नाची वेष्टने, निकामी उपकरणे, मैल्याचे बंद डबे. चंद्रावर जाऊन आलेल्या मानवजातीला अवकाशातही कचऱ्याची गाडी लागतेच! कचऱ्याने भरलेले यान सुटते, इंजिन उलट दिशेने पेटवून वेग कमी करते आणि दक्षिण पॅसिफिक महासागराच्या निर्मनुष्य भागावर वातावरणात शिरून जळते. उरलेसुरले तुकडे समुद्रात पडतात. मात्र प्रयोगांचे नमुने, रक्ताच्या कुप्या, दुरुस्तीसाठी न्यायची उपकरणे अशी मौल्यवान वस्तू परत आणायची असेल, तर उष्णतारोधक कवच असलेले यान लागते. २०११ पर्यंत हे काम शटल करीत असे. २०१२ पासून ते ‘ड्रॅगन’ करते. ते माल घेऊन समुद्रात उतरते.

ही याने आता बरीच झाली आहेत. युरोपचे यान एका खेपेला सुमारे साडेसात टन माल नेऊ शके. २००८ ते २०१५ या काळात त्याच्या पाच मोहिमा झाल्या आणि ते थांबले. जपानच्या जुन्या यानाने २००९ ते २०२० मध्ये नऊ फेऱ्या केल्या आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याची नवी आवृत्ती स्थानकावर पोहोचली. चीनच्या स्वतःच्या ‘तिआनगोंग’ स्थानकाला ‘तिआनझोऊ’ ही याने सामान पुरवतात. सिग्नस यानांना दिवंगत अंतराळवीरांची आणि अवकाश क्षेत्रातल्या मान्यवरांची नावे देण्याची प्रथा आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये निघालेल्या यानाला आपल्या कल्पना चावला यांचे नाव दिले होते. त्या यानाने इतर सामानाबरोबर स्थानकासाठी नव्या पद्धतीचे शौचालय नेले. सन्मानाच्या नावाबरोबर शौचालय गेले, यात कमीपणा काही नाही. वर राहणाऱ्यांची खरी गरज तीच होती.

या सगळ्यात आपण कुठे आहोत? जून २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय स्थानकावर गेले; तिथे पाऊल ठेवणारे ते पहिले भारतीय नागरिक. त्यांच्याबरोबर गाजराचा हलवा, मुगाच्या डाळीचा हलवा आणि आमरसही गेला होता. ते वर असतानाच, जुलैच्या पहिल्या आठवड्यात एक प्रोग्रेस यान येऊन स्थानकाला लागले. आपला माणूस दुसऱ्यांच्या घरी पाहुणा होता आणि तिथली बेगमी दुसऱ्यांच्याच गाडीने येत होती.

परंतु स्वतःचे घर बांधायचे आपण ठरवले आहे. ‘भारतीय अंतरिक्ष स्थानका’च्या पहिल्या भागाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. तो भाग २०२८ मध्ये सोडायचा आणि २०३५ पर्यंत पाच भागांचे पूर्ण स्थानक उभे करायचे, असे उद्दिष्ट आहे. आणि त्यासाठी लागणारी पहिली विद्या आपण शिकलोही आहोत. ३० डिसेंबर २०२४ रोजी श्रीहरिकोटाहून ‘स्पेडेक्स’ मोहिमेचे दोन उपग्रह निघाले, प्रत्येकी सुमारे २२० किलो वजनाचे. जोडणीची तारीख दोनदा पुढे गेली. १२ जानेवारीला दोघे तीन मीटरपर्यंत जवळ आले आणि तपासणी करून पुन्हा दूर सरले. त्या दिवशी अनेकांना ते अपयश वाटले. पण ‘शंका असेल तर मागे सर’ हाच या कामातला पहिला नियम आहे, हे मीरच्या धडकेवरून आपण पाहिलेच. १६ जानेवारी २०२५ रोजी दोन्ही उपग्रह जोडले गेले. असे डॉकिंग करणारा भारत अमेरिका, रशिया आणि चीन यांच्यानंतरचा चौथा देश ठरला. पुढे एका उपग्रहातून दुसऱ्याला वीज देऊनही दाखवली.

यात महाराष्ट्राचा हात आहे. आपल्या पुणे जिल्ह्यातल्या वालचंदनगरच्या कारखान्यात इस्रोच्या अग्निबाणांच्या मोटारींची कवचे घडतात. मुंबईत विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात ‘विकास’ इंजिने तयार होतात. स्थानकाचे भाग वर जातील ते अशाच कामगारांच्या हातांतून गेलेल्या यंत्रांच्या बळावर. पण स्थानक वर पोहोचले म्हणजे काम संपले, असे मात्र समजू नये. उलट, ते त्या दिवशी सुरू होते. दर काही महिन्यांनी आपले स्वतःचे मालवाहू यान निघाले पाहिजे, एक चुकले तर दुसरे तयार पाहिजे, इंधन भरता आले पाहिजे, कचरा नेता आला पाहिजे. घर बांधणे हा एकदाचा खर्च. घर चालवणे हा रोजचा. हा रोजचा हिशेब आज मांडला नाही, तर उद्या आपले स्थानक दुसऱ्यांच्या गाडीची वाट पाहत राहील.

आणि घराचा शेवटही बेगमीतच धरावा लागतो. आंतरराष्ट्रीय स्थानक २०३०च्या अखेरीपर्यंत चालवून नंतर सुरक्षितपणे खाली आणायचे ठरले आहे. त्यासाठी ड्रॅगनवर आधारित, भरपूर इंधनाचे एक खास यान बनवण्याचे काम नासाने जून २०२४ मध्ये स्पेसएक्स या कंपनीला दिले. वर्षानुवर्षे याने आली, त्यांनी स्थानकाला वर ढकलले. हे शेवटचे यान त्याला खाली ढकलील, तेही वस्तीपासून दूर, समुद्रात. १९७९ सारखी कुणाची झोप उडू नये म्हणून.

तेव्हा श्रोतेहो, यापुढे ‘मालवाहू यान स्थानकाला जोडले गेले’ अशी दोन ओळींची बातमी कानावर पडली किंवा वाचण्यात आली, तर ती पुढे ढकलू नका. ती ऐकताना एवढे ध्यानात घ्या, की चारशे किलोमीटर उंचीवरच्या काही माणसांच्या घरात पुढच्या काही महिन्यांचे धान्य आले आहे.